कुटुंबातील संभाषण आणि आंतरजालावरील धोके : कळव्यातील घरांच्या संदर्भात एक भाषिक विचार

किशोरवयीन मुलांच्या हाती आलेला मोबाइल फोन हा आज घरोघरीच्या चिंतेचा विषय झाला आहे. या चिंतेचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. एक अंग तंत्राचे. कोणती स्थळे बंद करावीत, फोनला कोणते कुलूप घालावे, तो किती वेळ हाती द्यावा, हे प्रश्न त्यात येतात. दुसरे अंग कायद्याचे. कोणते कृत्य गुन्हा ठरते व तक्रार कोठे करावयाची, हे त्यात सांगितले जाते. तिसरेही एक अंग आहे, आणि ते भाषेचे आहे. आईवडिलांनी या विषयावर मुलांशी मोकळेपणाने बोलावे, असा उपदेश सर्वत्र केला जातो. परंतु कोणत्या शब्दांत बोलावे, वाक्याची घडण कशी असावी आणि घरातील कोणी कोणाला उद्देशून बोलावे, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या अंगाचा विचार करावयाचा आहे. तो करताना कळवा हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे.

१. गाव आणि घर

ठाण्याची खाडी आणि पारसिकची टेकडी यांच्या मधल्या पट्टीत कळवा वसले आहे. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५४ साली कल्याणपर्यंत गेली, ती याच वाटेने. कळवा, विटावा, खारेगाव ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. पुढे कोकणातून, देशावरून आणि उत्तर हिंदुस्थानातून माणसे येथे येत राहिली आणि गावांची मिळून एक दाट वस्ती झाली. आज कळवा ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. चाळी, इमारती आणि टेकडीच्या उतारावरील वस्त्या अशा तिन्ही प्रकारच्या घरांतून आगरी बोली, प्रमाण मराठी, कोकणी वळणाची मराठी आणि हिंदी या भाषा कानी पडतात. शाळेतील मुले यांपैकी दोन-तीन भाषा सहज बोलतात, आणि फोनवर लिहिताना त्यांत इंग्रजी शब्दांची भर घालतात.

येथील बहुसंख्य कमावती माणसे लोकलगाडीच्या वेळापत्रकाने बांधलेली आहेत. सकाळी लवकर घर सोडावयाचे आणि दिवेलागणीनंतर परतावयाचे, हा क्रम. आईवडील आणि मूल एकत्र असतात ते रात्रीच्या जेवणापुरते, आणि त्या वेळीही घरातील सर्व माणसे एकाच खोलीत असतात. यातून दोन परिणाम घडतात. पहिला असा की, एकदोन खोल्यांच्या घरात वाढत्या वयाच्या मुलाला वा मुलीला खाजगी म्हणता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे फोनचा पडदा. दुसरा असा की, नाजूक विषयावर दोघांनीच बोलावयाचे झाले तर तशी जागाही घरात नसते. मोठ्यांना 'चोरून पाहणे' वाटते, त्यातील बराचसा भाग केवळ एकांताच्या शोधाचा असू शकतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

२०१६ नंतर फोनवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर भरू लागल्या. तेव्हापासून फोन ही मुलांच्या हातची नित्याची वस्तू झाली. 'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भागापुरता आहे. तरी त्यातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्या खात्याला अडवावे कसे किंवा त्याची तक्रार करावी कशी, हे ६२ टक्क्यांना ठाऊक होते. आणि आपले खाते खाजगी कसे करावे, हे ५५.२ टक्क्यांना. म्हणजे उरलेली मुले या माध्यमांत वावरत आहेत, पण दार लावून घेण्याची कडी कोठे आहे हे त्यांना माहीत नाही. ही माहिती कोणीतरी सांगावयास हवी, आणि सांगण्यासाठी भाषा हवी.

२. शब्दांचा अभाव

मराठी घरात या विषयासाठी कोणते शब्द वापरले जातात, हे पाहू गेल्यास एक गमतीची, पण गंभीर गोष्ट आढळते. 'तसलं काही', 'नको ते', 'भलतंसलतं', 'घाणेरडं' हे शब्द सर्रास ऐकू येतात. यांपैकी पहिले तीन वस्तूचे नाव सांगतच नाहीत. 'तसले' हे दर्शक सर्वनामापासून झालेले विशेषण आहे. बोट दाखवावे तसे ते केवळ दिशा दाखविते, आणि ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच त्याचा अर्थ कळतो. ज्याला ठाऊक नाही अशा बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'तसलं काही बघायचं नाही' या वाक्यातून कोणतीच माहिती मिळत नाही. मिळते ती एकच गोष्ट : या विषयाला घरात नाव नाही.

शरीराच्या अवयवांच्या बाबतीत अडचण अधिक मोठी आहे. त्यांसाठी मराठीत शब्दांचे चार थर आहेत. पहिला थर बाळबोलीचा. 'शूची जागा' यांसारखे शब्द पाच वर्षांच्या मुलाला शोभतात, पंधरा वर्षांच्या मुलाला ते उच्चारणे अवघड जाते. दुसरा थर संस्कृत शब्दांचा. ते पाठ्यपुस्तकात व वैद्यकाच्या ग्रंथात असतात, घरात कोणी उच्चारीत नाही. तिसरा थर शिव्यांचा; हे शब्द सर्वांना ठाऊक असतात आणि म्हणूनच सभ्य बोलण्यात वर्ज्य असतात. चौथा थर इंग्रजीतून आलेल्या 'प्रायव्हेट पार्ट'सारख्या शब्दांचा. शाळांतून आज तोच रूढ होत आहे. मधला, साधा, रोजच्या बोलण्यातला थर रिकामा आहे.

या रिकाम्या जागेची किंमत मुलाला मोजावी लागते. कोणी अनोळखी माणसाने फोनवरून शरीराच्या एखाद्या भागाचे छायाचित्र मागितले, तर ही गोष्ट आईला सांगण्यासाठी मुलापाशी एक तर शिवी असते, नाही तर पुस्तकी शब्द. दोन्ही तोंडातून निघत नाहीत. मग ते गप्प बसते. त्या गप्प बसण्याला मोठी माणसे 'लपवाछपवी' म्हणतात. वस्तुतः पुष्कळदा तो शब्दांचा दुष्काळ असतो.

यावर उपाय कोणता? नवे शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. संस्कृत शब्द असोत वा इंग्रजी, घरातील मोठ्या माणसाने ते शांत स्वरात, विषय निघेल तेव्हा, दोनचारदा उच्चारले की त्यांचा परकेपणा कमी होतो. शब्दाची सभ्यता त्याच्या वापरावर अवलंबून असते. 'लैंगिक' हा शब्द आज वर्तमानपत्रात रोज छापला जातो. परंतु जेवणाच्या पानावर तो प्रथम उच्चारण्याचे काम आई किंवा वडील यांनाच करावयास हवे. मूल ते काम आपण होऊन करणार नाही.

३. मौनाचा इतिहास

हे मौन आजचे नाही. मराठीत या विषयावर उघड लिहिण्याचा मोठा प्रयत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना मासिकातून दिलेली उत्तरे, हा त्या खटल्याचा विषय होता. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. लोक प्रश्न विचारीत होते, उत्तर देणारा एक मनुष्य होता, आणि शिक्षा झाली ती उत्तर देणाऱ्याला. ही गोष्ट या संदर्भात आठवण्यासारखी आहे.

पुढे २००७ साली शाळांतून किशोरवयीनांसाठी आखलेल्या शिक्षणक्रमावरून देशभर वाद झाला. महाराष्ट्रासह काही राज्यांत त्या शिक्षणक्रमाला विरोध झाला आणि तो रोखला गेला. 'असे विषय शाळेत नकोत, घरी शिकवावेत' असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. हे म्हणणे मान्य केले, तरी त्याचा उत्तरार्ध पुरा व्हावयास हवा होता. शाळेने सांगितले नाही आणि घरानेही सांगितले नाही. मधल्या काळात फोन आला आणि त्याने सांगावयास आरंभ केला.

फोनचे हे सांगणे केवळ बंदीने थांबत नाही, हेही अनुभवास आले आहे. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र शासनाने ८२७ अश्लील संकेतस्थळे बंद करविली. परंतु आंतरजालावर एक पत्ता बंद झाला की तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर येतो, आणि मित्राने पाठविलेल्या चित्रफितीला संकेतस्थळाची गरजही नसते. फोनमध्ये पालकांसाठी असलेली नियंत्रणे लहान मुलांच्या बाबतीत उपयोगी आहेत आणि ती अवश्य वापरावीत. मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला त्यांतून वाट काढता येते, हे गृहीत धरून चालावे.

४. 'पाहिले' आणि 'दिसले'

आता शब्दांकडून वाक्याकडे वळावयाचे. मराठीत एकाच घटनेचे वर्णन दोन प्रकारांनी करता येते : 'मी चित्र पाहिले' आणि 'मला चित्र दिसले'. पहिल्या वाक्यात 'मी' हा कर्ता आहे. पाहण्याची कृती त्याने केली, असे वाक्याची रचनाच सांगते. दुसऱ्या वाक्यात 'मला' ही चतुर्थी आहे. घटना घडली आणि ती ज्याच्या अनुभवास आली तो केवळ अनुभव घेणारा आहे. 'मी विसरलो नाही, मला आठवले नाही' असे म्हणणारा मराठी माणूस हाच भेद वापरीत असतो.

आंतरजालावर हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. खेळ खेळताना मध्येच येणारी जाहिरात, वर्गाच्या गटात कोणी टाकलेली चित्रफीत, एक शब्द शोधताना समोर आलेले भलतेच चित्र, या सर्वांत मुलाला काहीतरी 'दिसलेले' असते. त्याने ते 'पाहिलेले' नसते. अशा वेळी वडिलांनी 'काय बघत होतास?' असे विचारले, तर प्रश्नाच्या रचनेतच आरोप आलेला असतो. उत्तर कोणतेही दिले तरी 'बघत होतो' हे कबूल केल्यासारखे होते. मूल उत्तर टाळते, किंवा खोटे बोलते. याउलट 'काय दिसलं?' असा प्रश्न केला, तर मुलाला आरोप न स्वीकारता घडलेले सांगता येते. 'दिसलं, आणि मग थोडं बघितलं' असे म्हणण्याची वाटही त्यात खुली राहते. आणि पुष्कळदा खरे तेच असते. कुतूहल हे त्या वयाचे लक्षण आहे. त्याची कबुली देणे मुलाला शक्य झाले, तर पुढचे बोलणे सोपे होते.

प्रश्नांचा दुसराही एक प्रकार घरोघरी आढळतो. 'लाज नाही वाटत?', 'हेच शिकायला फोन घेऊन दिला होता का?', 'कुणी शिकवलं हे तुला?' व्याकरणाच्या दृष्टीने ही प्रश्नार्थक वाक्ये आहेत, परंतु ती उत्तरासाठी उच्चारलेली नसतात. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, बोलणे म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे. बोलण्याने आपण वचन देतो, आज्ञा करतो, दोष लावतो, क्षमा करतो. 'लाज नाही वाटत?' या वाक्याने दोष लावला जातो आणि संभाषणाचे दार बंद होते. ज्याला खरोखर माहिती हवी आहे, त्याने ही वाक्ये त्या प्रसंगापुरती तरी बाजूला ठेवावीत.

ऑस्टिन यांच्या विवेचनातील वचनाचा भागही येथे लागू पडतो. मुले घडलेला प्रकार सांगत नाहीत, याचे एक मोठे कारण फोन काढून घेतला जाईल ही भीती असते. म्हणून 'काही झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर त्यासाठी फोन काढून घेणार नाही' हे वचन आधीच देऊन ठेवणे उपयुक्त असते. मात्र वचन हे कृत्य आहे. ते एकदा मोडले, तर पुढील सर्व वचने निरर्थक होतात.

५. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण'

मराठी घरात आईला 'तू' म्हणावयाचे आणि वडिलांना 'तुम्ही', ही रीत अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता पुष्कळ घरांत वडिलांनाही 'ए बाबा' अशी हाक ऐकू येते. तथापि जुनी रीत पाळणारी घरेही आहेत. 'तुम्ही' म्हणून जेथे अंतर राखले जाते, तेथे नाजूक गोष्ट प्रथम आईच्या कानी जाते आणि मग आई ती वडिलांना सांगते. ही मध्यस्थी स्वाभाविक आहे. परंतु 'थांब, बाबांना येऊ दे, मग सांगते' हे वाक्य जर धमकी म्हणून वापरले गेले, तर आईकडे जाण्याची वाटही बंद होते.

मराठी कुटुंबाची एक जमेची बाजू येथे सांगितली पाहिजे. मावशी, आत्या, मामा, काका, शेजारची ताई, मोठा चुलतभाऊ अशी नात्यांची माणसे कळव्यासारख्या ठिकाणी बहुधा हाकेच्या अंतरावर असतात. आईवडिलांजवळ जे सांगता येत नाही ते मामाला किंवा मावशीला सांगता येते. आईवडिलांनी यात कमीपणा मानू नये. 'मला सांगायला अवघड वाटलं, तर मावशीला सांग' एवढे एक वाक्य मुलाच्या हाती दुसरी वाट देते. अर्थात, ती व्यक्ती विश्वासू असावी आणि ऐकलेली गोष्ट चारचौघांत न सांगणारी असावी. मुलांना त्रास देणारी माणसे कित्येकदा ओळखीची असतात, हेही विसरून चालणार नाही. म्हणून नाते कोणतेही असो, 'हे घरी सांगू नकोस' असे म्हणणाऱ्या मोठ्या माणसाची गोष्ट घरी सांगावयाचीच, हा नियम मुलाला लहानपणीच कळावा.

मराठीच्या सर्वनामांत आणखी एक सोय आहे. 'आम्ही' म्हटले म्हणजे ऐकणारा वगळला जातो. 'आपण' म्हटले म्हणजे तो सामावला जातो. गुजरातीत 'अमे' व 'आपणे', तेलुगूत 'मेमु' व 'मनमु' असा हाच भेद आहे. प्रमाण हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही. 'आम्ही ठरवलंय, रात्री दहानंतर तुला फोन मिळणार नाही' आणि 'रात्री दहानंतर आपण सगळ्यांचे फोन बाहेर कपाटावर ठेवू', या दोन वाक्यांत नियम जवळजवळ एकच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात वडिलांचाही फोन कपाटावर जातो. 'आपण' हा शब्द वापरणाऱ्याला स्वतःही बांधून घेतो, आणि म्हणूनच तो मुलाला पटतो. मात्र केवळ शब्द बदलून वागणूक तीच ठेवली, तर मुलाला ते त्याच दिवशी कळते.

६. काय सांगावयाचे

संभाषणाची रीत ठरली, तरी आशय उरतोच. तो एका बैठकीत सांगून संपत नाही. स्टेशनवरून घरी चालत येताना, भाजी निवडताना, वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचताना, पाच-दहा मिनिटांचे बोलणे वारंवार व्हावे. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना वा हाताने काम करताना मुले अधिक बोलतात. 'तुझ्याबाबतीत असं झालंय का?' यापेक्षा 'तुझ्या वर्गात कुणाला असे मेसेज येतात का?' हा प्रश्न सोपा जातो. मुलांच्या तोंडचे 'डीएम', 'स्टोरी', 'स्नॅप' हे शब्द ठाऊक नसतील, तर त्यांचा अर्थ त्यांनाच विचारावा. माहिती देणारा आणि घेणारा यांच्या जागा क्षणभर बदलल्या, की बोलण्याला बरोबरीचे रूप येते.

आशयाचे मुद्दे थोडक्यात असे. अश्लील चित्रपट हे ठरवून, पैशासाठी, कॅमेऱ्यापुढे केलेले काम असते. त्यात दिसणारी शरीरे आणि वागणूक हा खऱ्या सहजीवनाचा नमुना नव्हे. त्यात संमती विचारण्याचा प्रसंग सहसा दाखवीत नाहीत. आपल्याकडे 'मौन हे संमतीचे लक्षण' असे म्हणण्याची प्रथा आहे. या बाबतीत ते साफ चुकीचे आहे, असे मुलगा व मुलगी दोघांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, आणि एकदा दिलेला होकार कायमचा नसतो. दुसऱ्याचे खाजगी छायाचित्र त्याला न विचारता पुढे पाठविणे ही थट्टा नव्हे. ते १८ वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्र असेल, तर पाठविणारा स्वतः अल्पवयीन असला तरी कायदा त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो.

या संदर्भात नावाचे महत्त्व दाखविणारा एक न्यायनिर्णय उल्लेखनीय आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने असा निर्णय दिला की, मुलांची लैंगिक चित्रणे नुसती साठवून ठेवणे हाही, कायद्यात सांगितलेल्या परिस्थितीत, गुन्हा ठरतो. त्याच निकालात न्यायालयाने 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दप्रयोग न्यायालयांनी वापरू नये, असे सांगितले आणि त्याऐवजी मुलांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य, अशा अर्थाची संज्ञा वापरावयास सांगितले. पहिल्या नावात करमणुकीचा आणि संमतीचा भास आहे. दुसऱ्या नावात त्या चित्रामागे एका मुलावर झालेला अत्याचार आहे हे कळते. सर्वोच्च न्यायालयाला जेथे शब्द बदलणे आवश्यक वाटले, तेथे घरानेही 'घाणेरडे व्हिडिओ' हा शब्द सोडून द्यावा, हे उचित होय. 'घाणेरडे' म्हटल्याने पाहणाऱ्याला लाज वाटते. परंतु ज्याचे चित्र आहे त्याला झालेली इजा त्या शब्दात येत नाही. उलट स्वतःचे चित्र बाहेर गेलेल्या मुलीला तो शब्द आपल्यालाच लागू झाल्यासारखा वाटतो.

७. प्रसंग ओढवल्यास

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, चौदा वर्षांच्या एका मुलाशी फोनवर एका 'मुलीने' ओळख केली. दोन दिवस गोड बोलणे झाले, मग एक छायाचित्र आले, मग त्याचे छायाचित्र मागितले गेले. ते पाठविताच सूर बदलला : 'पैसे दे, नाही तर हे तुझ्या सगळ्या नातेवाइकांना पाठवीन.' ही पद्धत आता सर्वत्र ओळखीची झाली आहे. पलीकडे बहुधा कोणी मुलगी नसतेच. कित्येकदा मुलाने काहीही पाठविलेले नसते. चेहऱ्याच्या साध्या छायाचित्रावरून यंत्राने खोटे चित्र तयार केलेले असते. या साऱ्या प्रकाराचा आधार एकच असतो, तो म्हणजे मुलगा घरी सांगणार नाही ही धमकावणाऱ्याची खात्री.

तो मुलगा रात्री आईपाशी आला, तर तिच्या तोंडचे पहिले वाक्य निर्णायक ठरते. 'बरं झालं सांगितलंस. आता हे आपण दोघं मिळून बघू.' एवढे पुरे. पुढची कामे अशी. पैसे देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. धमकीचे संदेश पुसून टाकू नयेत. समोरच्याच्या खात्याचे नाव, संदेश, पैशाची मागणी यांच्या पडद्यावरील प्रती ठेवाव्यात आणि मगच ते खाते अडवावे. ते छायाचित्र 'पुरावा' म्हणून नातेवाइकांच्या गटात किंवा ओळखीच्या माणसाला पाठवू नये. मुलाला एकटे सोडू नये; अशा धमकीखाली मुले टोकाचे विचार करतात. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर स्त्रिया व मुले यांच्यासंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, आणि तेथे मुलांच्या लैंगिक चित्रणाची तक्रार नाव न देताही करता येते. अमेरिकेतील एका बालसंरक्षण संस्थेची 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवाही आहे. १८ वर्षांखालील असताना काढलेल्या चित्रासाठी तिचा उपयोग होतो. चित्र कोणालाही न पाठविता, फोनमध्येच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि या योजनेत सामील असलेली माध्यमे त्या ठशावरून ते चित्र शोधून काढून टाकू शकतात.

पोलिसांकडे जाण्याची भीती बहुतेक कुटुंबांना वाटते. २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, जो 'पोक्सो' या नावाने ओळखला जातो, या भीतीचा विचार करून केला आहे. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. जबाब शक्यतो मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा अशी तरतूद आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यातील दोन तरतुदी विशेष मोलाच्या वाटतील. मुलाने दिलेली माहिती सोप्या भाषेत, त्याला समजेल अशी लिहावयाची असते. आणि मुलाचा जबाब, आईवडील किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशी व्यक्ती जवळ असताना, ते जसे बोलेल तसाच नोंदवावयाचा असतो. आगरी बोलीत बोलणाऱ्या मुलीचे म्हणणे तिच्याच बोलीत लिहिले जावे, हे यातून सूचित होते.

म्हणजे कायद्याने मुलाच्या स्वतःच्या शब्दांना पुराव्याचे स्थान दिले आहे. ते शब्द त्याच्यापाशी असतील की नाही, हे मात्र कायद्याच्या हाती नाही. पोलीस ठाण्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, कळव्यातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात, जेवणानंतर भांडी आवरताना झालेल्या बोलण्यात ते त्याला मिळालेले असावे लागतात. असे बोलणे आरंभी अडखळतच होईल. वडील घसा साफ करतील, मुलगी खाली बघेल, आई मध्येच विषय बदलील. त्याने काही बिघडत नाही. अडखळत का होईना, एकदा उच्चारलेला शब्द दुसऱ्या वेळी सोपा जातो, आणि संकटाच्या वेळी मुलाला नेमका तोच हाताशी सापडतो.